चवीपुरते मांस : इटलीच्या चुलीवरचा हिशेब

इटलीतील टस्कनी आणि उंब्रिया या प्रांतांत अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुटुंबात वर्षातून एकदा, ऐन थंडीत, घरचे डुक्कर मारले जात असे. मांड्यांना बाजारात चांगली किंमत येई. म्हणून त्या पुष्कळदा विकल्या जात. उरलेले मांस व चरबी बारीक कापून त्यात मीठ, मिरी, लसूण आणि दक्षिणेकडे बडीशेप व लाल मिरची मिसळली जाई, आणि हे सारण स्वच्छ केलेल्या आतड्यात भरले जाई. हेच इटलीचे सॉसेज. तेथील भाषेत ‘साल्सिच्चा’. त्यातील काही ताजेच संपे, काही वाळवून पुढील महिन्यांसाठी टांगून ठेवले जाई. मोठ्या कुटुंबाला एका डुकराचे मांस वर्षभर पुरवायचे म्हणजे हिशेब आलाच. या हिशेबातून स्वयंपाकाची एक पद्धत जन्मास आली. पोटभर परंतु हलके इटालियन जेवण म्हणून आज ज्याचे कौतुक होते, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

पावासोबत जे काही खावयाचे, त्याला इटालियन भाषेत ‘कोम्पानातिको’ असा एक शब्द आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. घाटावरचे ‘कोरड्यास’ ते हेच. भाकरी हे जेवण आणि कोरड्यास तिच्या सोबतीला. कोकणातील गृहिणी मूठभर सोड्यांवर वांग्याबटाट्याचे अख्खे पातेले चविष्ट करते, तीही याच न्यायाने. मांस किंवा मासळी येथे जेवणाचा विषय नसून चवीचे साधन असते.

पहिला घास आणि तिसरा घास

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच विद्यार्थ्याला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकविला जातो. एखाद्या वस्तूचा पहिला नग जेवढे समाधान देतो, तेवढे दुसरा देत नाही आणि तिसरा त्याहून कमी देतो. सॉसेजच्या बाबतीत हा सिद्धांत जिभेवर पडताळून पाहता येतो. सारणातील मीठ, लसूण, बडीशेप आणि चरबी यांचा पहिला अंश सबंध भांड्याला स्वाद देतो. पुढचा प्रत्येक तुकडा चवीत थोडी आणि चरबीत पुष्कळ भर घालतो.

टस्कनीतील पांढरा घेवडा आणि सॉसेज यांचा पदार्थ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चार माणसांसाठी पाव किलो सुका घेवडा रात्रभर भिजवून लसूण व सेजच्या सुगंधी पानांसह मऊ शिजवितात. दोनशे ग्रॅम ताज्या सॉसेजचे आवरण काढून आतील सारण मोकळे करावे व मंद आचेवर, तेल न घालता, परतावे. चरबी सुटू लागते. त्यातील चमचाभर ठेवून बाकीची काढून टाकावी. उरलेल्या चरबीत लसूण व अर्धा किलो टोमॅटो परतून, घेवडा त्याच्या थोड्या पाण्यासकट घालावा आणि वीस मिनिटे मंद आचेवर ठेवावा. मीठ अखेरीस, चाखून घालावे. सॉसेजमध्ये ते आधीच भरपूर असते. डुकराचे मांस असल्याने सारण आतून कच्चे राहता कामा नये, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते.

आता आकडे पाहावेत. इटालियन पद्धतीच्या कच्च्या सॉसेजमध्ये शंभर ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम चरबी व १४ ग्रॅम प्रथिने असतात. माणशी दोनशे ग्रॅम सॉसेज ताटात वाढले तर सुमारे ६० ग्रॅम चरबी वाढली जाते. वरील पदार्थात माणशी वाट्याला येणारी चरबी १५ ग्रॅमच्या आतच राहते. प्रथिने मात्र सॉसेजमधून ७ ग्रॅम आणि घेवड्यातून १२-१३ ग्रॅम, म्हणजे एकंदर सुमारे २० ग्रॅम मिळतात. पोट घेवडा भरतो, मन सॉसेज भरते. दक्षिणेतील पुलिया प्रांतात कानाच्या पाळीसारखा दिसणारा पास्ता आणि सलगमच्या जातीची कडवट पालेभाजी एकाच पातेल्यात उकडून त्यावर कुस्करलेले सॉसेज घालतात. उत्तरेत मक्याच्या पिठाच्या घाट्यावर, म्हणजे ‘पोलेंता’वर, ते वाढतात. प्रांत बदलतात, प्रमाण तेच राहते.

काटकसर आणि उपासमार

येथे एका भ्रमापासून सावध राहावयास हवे. गरिबाचे जेवण आरोग्याला चांगले असते, असे सरसकट म्हणणे ही गरिबीची चेष्टा ठरेल. उत्तर इटलीतील शेतमजुरांच्या पोलेंतावर सॉसेज क्वचितच पडे. बहुतेक दिवस मका आणि केवळ मकाच. त्यातून ‘पेलाग्रा’ हा त्वचा, पचन आणि मेंदू यांना ग्रासणारा रोग फैलावला. १८८१ च्या सरकारी मोजणीत या रोगाचे एक लाखाहून अधिक रुग्ण आढळले होते. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो, हे कोडे १९३७ मध्ये उलगडले. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळला आणि हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला, हे येथे आठवावे. चवीपुरते मांस ही काटकसर होय. चवीपुरतेही मांस किंवा डाळ नसणे ही उपासमार होय. या दोहोंची गल्लत करता कामा नये.

या उपासमारीपासून सुटका करून घेण्यासाठी १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेस गेले. तेथे मांस स्वस्त आणि मजुरी बरी. साहजिकच ताटातील प्रमाण उलटले : घेवडा मागे पडला आणि सॉसेज मध्यभागी आले. खुद्द इटलीतही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत तेच घडले. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, माणसे शहरांकडे वळली, मांसाचा खप झपाट्याने वाढला. उत्पन्न वाढले की आहारातील धान्य-कंदांचा वाटा घटतो, असा नियम बेनेट या अर्थशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडला होता. इटालियन कुटुंबे त्या नियमाला अपवाद नव्हती. आणि ज्यांच्या आजोबांनी पेलाग्रा पाहिला, त्यांनी ताटभर मांस खाल्ले, तर त्यांना दोष तरी कोणी द्यावा?

हलकेपणाची किंमत

परंतु या भरभराटीचे बिल पुढे आले. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५० च्या दशकात नेपल्समध्ये साध्या आहारावर जगणाऱ्या कष्टकऱ्यांत हृदयविकार कमी असल्याचे निरीक्षण केले आणि १९५८ पासून सात देशांतील पाहणी आरंभली. तिच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. परंतु डाळी, भाज्या व धान्य यांना प्राधान्य देणाऱ्या आहाराकडे जगाचे लक्ष वळले ते तेव्हापासून. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारणीभूत ठरविले; रोज ५० ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिने नमूद केले. तेव्हा प्रमाण कमी केले म्हणून सॉसेज निर्दोष ठरत नाही. ते रोजचे नसून अधूनमधूनचे असावे, हेही जुन्या हिशेबातच बसते.

बाजाराने या प्रश्नावर आपल्या पद्धतीचे उत्तर काढले आहे : कमी चरबीचे, वेष्टनात बंद केलेले, अधिक किमतीचे सॉसेज. प्रश्न प्रमाणाचा असता उत्तर मात्र नव्या वस्तूचे दिले जाते, कारण प्रमाण विकता येत नाही. गिऱ्हाइकाने दोन सॉसेजऐवजी अर्धे घेऊन घेवडा शिजविला, तर त्यात कोणत्या कारखान्याचा लाभ?

तथापि घेवडा फुकट शिजत नाही. त्याला रात्रीची आठवण, सकाळचा विस्तव आणि कोणाचा तरी तास-दीड तास लागतो. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की घरातील वेळ हीसुद्धा किंमत असलेली वस्तू आहे. जुन्या इटलीत ही किंमत घरातील बायका मोजत आणि ती कोणत्याही वहीत मांडली जात नसे. आज नवरा-बायको दोघेही कामावरून संध्याकाळी परतत असतील, तर हलक्या जेवणाचा उपदेश पुन्हा तिच्याच डोक्यावर नवे ओझे म्हणून पडण्याचा धोका आहे. प्रेशर कुकरने हा वेळ कमी केला. उरलेला वेळ घरातील सर्वांनी वाटून घेतला, तरच हे जेवण खऱ्या अर्थाने हलके म्हणता येईल.

पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेल्या आणि तेथील व्हिनेगर व मिरच्यांत मुरलेल्या चोरिसच्या माळेतील थोडे मणी कांद्याबटाट्याच्या भांड्यात पडतात, तेव्हाही हाच हिशेब मांडला जातो. सॉसेज न खाणाऱ्या घरांतही तूप, साखर, तळण यांच्या बाबतीत तो मांडता येईल. गरिबांना हे प्रमाण परिस्थितीने लादले होते. सुस्थितीतील माणसाला ते स्वतःहून निवडता येते. ही निवड प्रत्येक कुटुंबाच्या आवाक्यात यावी, इतके उत्पन्न, इतकी डाळ आणि इतका वेळ प्रत्येकाकडे असावा, हा मात्र स्वयंपाकघरातला प्रश्न नव्हे. तो अर्थव्यवस्थेचा आहे.