धूर जाळणारी डबी

अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९७७च्या पोर्शे ९११मध्ये एक्झॉस्टच्या तोंडाशीच ‘थर्मल रिअ‍ॅक्टर’ नावाची जाड डबी असे. पंपाने आत हवा ढकलायची आणि इंजिनात अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड तिथल्या प्रचंड उष्णतेत पुन्हा जाळायचे, हे तिचं काम. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या गाड्यांना आजही धूरचाचणी द्यावी लागते, आणि धूर मोजण्याबरोबरच धूरनियंत्रणाचे भाग जागेवर आहेत का, हेही पाहिलं जातं. मूळ भाग गंजून गेला, नवा मिळेना, तर तो घडवावाच लागतो. पण नक्कल आकाराची नव्हे, कामाची व्हायला हवी. बोटाएवढी हवेची नळी घ्या. साध्या पोलादाची असेल तर तापून तापून तिचे पापुद्रे सुटतात. ती स्टेनलेसची हवी, शिवाय वेल्डिंग करताना आतूनही आर्गॉन सोडायला हवा, नाहीतर सांधा आतून करपून खरबरीत होतो. वाट अरुंद झाली की हवा कमी आणि ज्वलन अपुरं.

मूठभर गाड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण अशी एक गाडी आजच्या कितीतरी गाड्यांइतका धूर ओकते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: याच डबीच्या उष्णतेने मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधले, सिलिंडर आवळून धरणारे स्टड उपटून येत. खरंच आहे ते. १९७८च्या ९११ एससीत क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची झाली. जुन्या इंजिनात मात्र आधी स्टडच्या आट्यांत पोलादी इन्सर्ट बसवावेत, नवा रिअ‍ॅक्टर त्यानंतर.