औषधाच्या दुकानातला माणूस अजून शिकतो आहे का?

केळीच्या पानावर करपा दिसला की आपण कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदाराला चार प्रश्न विचारतो. कोणते बुरशीनाशक? किती पाण्यात? पुन्हा किती दिवसांनी? घड कापायला आला असेल तर चालेल का? उत्तर पटले नाही तर रावेरपर्यंत जाऊन चौकशी करतो. पण लेकराला खोकला झाला की मेडिकल स्टोअरच्या फळीपाशी उभे राहून "खोकल्याचे काहीतरी द्या" एवढेच म्हणतो, आणि बाटली पिशवीत टाकून घरी येतो.

बंधुभगिनींनो, केळीला जेवढी चौकशी तेवढी लेकराला नको का?

खते व कीटकनाशके विकणाऱ्यांना दुकान सांभाळून शिकता यावे, म्हणून हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेने 2003 साली एक वर्षाची पदविका सुरू केली. आठवड्यातून एक दिवस वर्ग किंवा शिवारफेरी. औषधविक्रेत्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. त्यासाठी निदान दोन वर्षांची पदविका व त्यानंतरचे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. पण पदविका एकदा मिळाली की संपले का? 2015 च्या नियमांनी सांगितले की नाही. पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्गांना त्याने हजर राहावे, प्रत्येक वर्ग किमान एका दिवसाचा. पाच वर्षांत दोन दिवस हे मला फारच थोडे वाटते. केळीवरील रोगसुद्धा याहून लवकर रूप बदलतात. तरीपण नियम आहे हे बरे.

हे शिक्षण कशासाठी, याचे उत्तर आपल्याच राज्यात फार मोठी किंमत देऊन मिळाले आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात सर्दीखोकल्याची साधी तक्रार असलेली मुले एकामागून एक दगावली. त्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक घरे उजाड झाली. 'कोल्ड्रिफ' नावाच्या सिरपच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातले विषारी द्रव्य 48.6 टक्के निघाले. हेच विष 1937 साली अमेरिकेत शंभरावर माणसांचे बळी घेऊन गेले होते, आणि 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून चौदा रुग्णांना भोवले होते. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता.

आता न्यायाने बोलायचे तर बाटलीतले विष कोणत्याही दुकानदाराला डोळ्यांनी दिसत नाही. तो दोष बनविणाऱ्याचा आणि तपासणाऱ्यांचा. पण दुसरी एक गोष्ट दुकानात कळण्यासारखी होती. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन या दोन औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याची सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच दिली होती. या सिरपमध्ये ती दोन्ही होती. ज्याने ही सूचना वाचली असेल तो फार्मासिस्ट तीन वर्षांच्या मुलाच्या बापाला म्हणेल, "थांबा, डॉक्टरांना पुन्हा विचारू या." पुढे 3 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही कळविले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा नकोत.

जुलाबाचे घ्या. आपल्याकडे अजूनही पहिल्याच दिवशी जुलाब बांधणारी गोळी मागितली जाते. लहान मुलाला ती धोक्याची आहे. त्याला ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, ही खरी चिकित्सा. ओआरएसची जी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती अर्ध्या लिटरमध्ये कालवायची नाही, हे सांगणे दुकानदाराचेच काम. रंगीत खोक्यातली गोड पेये ओआरएस म्हणून खपत होती. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. जुना माल फळीवर उरला असेल, तर जाणता दुकानदार स्वतःहून बाजूला काढील.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. अशा माणसाला लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी हातावर ठेवली तर थोडे दिवस बरे वाटते आणि क्षय मात्र आत लपून वाढतो. म्हणूनच हे औषध व क्षयाची औषधे 1 मार्च 2014 पासून एच-1 अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यावयाची नाहीत, आणि दिली की रुग्णाचे, डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची. तुमचे नाव विचारले तर रागावू नका.

फवारणीनंतर घाम, लाळ, उलट्या सुरू झाल्या तर दुकानात गोळी मागत बसू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट जिल्हा रुग्णालय गाठावे.

आता तुम्ही काय पाहावे? फार्मासिस्टने पांढरा कोट घालावा, त्यावर नाव व नोंदणी क्रमांक असावा, असे नियम सांगतो. कुठे कुठे प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्याचा धनी दुसऱ्या गावी, हा प्रकारही असतो. तेव्हा सरळ विचारा, "फार्मासिस्टसाहेब कोण?" नोकर पोराशी भांडण नको, ते बिचारे सांगितले ते करते. साहेब भेटले की मुलाचे वय, वजन आणि आधी चालू असलेली औषधे सांगा. शेवटचा उजळणी वर्ग कधी झाला, हेही गोडीने विचारायला हरकत नाही. जो जाऊन आला असेल त्याला सांगताना आनंदच होईल.

संत कॉस्मास व संत दामियन या भावांना फार्मासिस्टांचे आश्रयदाते मानतात. 26 सप्टेंबरला त्यांचा सण असतो. ते रुग्णांकडून पैसे घेत नसत, अशी परंपरा आहे. आपले दुकानदार पैसे घेतात, त्यांनाही घर आहे. मात्र पैसे दिले की बिल घ्या. त्यावर बॅच क्रमांक लिहिलेला असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये एका बॅचचे नाव वर्तमानपत्रांत आले, तेव्हा घरातली बाटली तीच की दुसरी, हे ज्यांच्याकडे बिल वा वेष्टन होते त्यांनाच लगेच ताडून पाहता आले. बिल शिधापत्रिकेबरोबर ठेवा. औषध संपल्यावरही महिनाभर राहू द्या.