शिकार की संरक्षण? आकड्याआधी प्रश्न वाचा

अमेरिकेतले बंदूक-समर्थक १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा दाखला देतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण बंदूक का बाळगता, याचं उत्तर घटनेत सापडत नाही. १९९९च्या एका पाहणीत मालकांना मुख्य कारण विचारलं, तर ४९ टक्के ‘शिकार’ म्हणाले आणि २६ टक्के ‘संरक्षण’. २०१३मध्ये प्यू संस्थेने विचारलं, तेव्हा संरक्षण ४८, शिकार ३२. गंमत म्हणजे मधल्या काळात हिंसक गुन्ह्यांचा दर घटलाच होता! म्हणजे ‘आपलं रक्षण आपणच करायचं’ ही धारणा केवळ गुन्हे वाढले म्हणून बळावली, असं म्हणता येत नाही.

आता प्यूचा २०२३चा ‘संरक्षण ७२ टक्के’ हा आकडा याच आलेखात टाकावासा वाटेल. टाकू नका. तिथे प्रत्येक कारण किती मोठं, हे वेगवेगळं विचारलं होतं. त्यामुळे एकच माणूस शिकार आणि संरक्षण दोन्हींत मोजला गेलेला असू शकतो.