स्तनात दुखतंय? कधी वाट पाहायची आणि कधी दवाखाना गाठायचा

विशीतल्या मुलीच्या स्तनात दुखू लागले की तिच्या मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. ती मोबाईल उघडते, रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसते आणि सकाळी कोणालाच काही सांगत नाही. कदाचित त्याच घरात पन्नाशीतल्या आईच्या किंवा आत्याच्या हाताला कित्येक महिन्यांपासून एक गाठ लागत असते. ती दुखत नाही, म्हणून तीही कोणाला सांगत नाही. मुलीची भीती बहुतेक वेळा अनाठायी ठरते. आत्याची निश्चिंती मात्र जिवावर बेतू शकते.

स्तनाच्या दुखण्याबाबत हे उलटे गणित आधी समजून घ्यायला हवे. इतर आजारांत दुखणे ही धोक्याची घंटा असते, म्हणून दुखत नाही ते साधे, असे आपण धरून चालतो. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. उलट ज्यांना फक्त दुखते, पण गाठ नाही, त्वचेत बदल नाही, बोंडातून स्राव नाही, अशा स्त्रियांत तपासणीअंती कॅन्सर निघण्याचे प्रमाण फार कमी असते. म्हणून दुखणारी गाठ सुरक्षित, असे मात्र समजू नये. गाठ दुखो वा न दुखो, ती डॉक्टरांना दाखवायचीच.

भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे आधी गाठतो आणि फार मोठ्या संख्येने स्त्रिया आजार पुढच्या टप्प्यावर गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. त्यामुळे दुखण्याला घाबरू नका एवढे सांगून थांबता येत नाही.

पाळीशी जोडलेले दुखणे

स्तनदुखीच्या तक्रारींपैकी सुमारे दोन तृतीयांश तक्रारी पाळीच्या चक्राशी जोडलेल्या असतात. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात शरीरातील संप्रेरके वरखाली होतात, स्तनातल्या ग्रंथी फुगतात, पाणी धरले जाते. मग दोन्ही बाजू जड वाटतात, वरच्या-बाहेरच्या भागात ठणकते, कधी कळ काखेपर्यंत जाते. हात लावला तर दाणेदार, गाठीगाठीसारखे लागते. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत हे सारे ओसरते. विशीपासून चाळिशीपर्यंत हे चालते आणि पाळी कायमची गेली की बहुधा थांबते.

हे आपल्या बाबतीत खरे आहे का, ते पाहायला डॉक्टरही लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीच्या तारखेला एक खूण करा, दुखले त्या दिवशी दुसरी. दोन-तीन महिने असे केले की खुणांचा मेळ आपोआप दिसतो. पुढे दवाखान्यात जायची वेळ आलीच तर ही पाने डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. पाळी चुकली असेल आणि स्तन हुळहुळे झाले असतील, तर मात्र आधी गर्भधारणेची चाचणी करावी. गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा संप्रेरकांच्या इतर औषधांनीही असे दुखू शकते. नवी गोळी सुरू झाल्यावर दुखणे सुरू झाले असेल तर ते डॉक्टरांना सांगावे.

दुखते स्तनात, मूळ भलतीकडे

ज्या दुखण्याला पाळीचा हिशेब लागू पडत नाही, त्यातले बरेचसे मुळात स्तनाचे नसतेच. स्तनाखाली बरगड्या आहेत, त्यांचे छातीच्या मधल्या हाडाशी सांधे आहेत, स्नायू आहेत. पाण्याचे हंडे वाहणे, डोक्यावरून वीट-वाळू उचलणे, कडब्याच्या पेंढ्या टाकणे, आठवडाभर खोकला असणे, अचानक सुरू केलेला व्यायाम, या सगळ्यांनी ते सांधे आणि स्नायू दुखावतात. एका कुशीवर वळून झोपा, स्तन बाजूला पडू द्या आणि बरगडीवर बोटाने दाबा. नेमके तेच दुखणे उमटले तर ते बहुधा बरगडीचे.

पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्या मुलींनी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे ब्रा. सैल झालेली, वर्षानुवर्षे वापरलेली किंवा मापात न बसणारी ब्रा घालून धावले की स्तनाचे धागे ताणले जातात आणि दुखते. घरात मुलाच्या बुटांना पैसे निघतात, मुलीच्या ब्रासाठी मागायला तिला लाज वाटते. चांगल्या आधाराच्या एका ब्राने अनेक मुलींचे दुखणे कमी होते.

एकाच बाजूला पट्ट्यासारखी जळजळ होत असेल आणि दोन-तीन दिवसांत फोड आले तर ती नागीण असते. आणि छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असे असेल तर हा विषय स्तनाचा राहत नाही. १०८ ला फोन करायचा. स्त्रियांच्या हृदयविकाराला अजूनही पित्त किंवा टेन्शन म्हणून घरी झोपवले जाते.

अंगावर पाजणाऱ्या आईचे दुखणे वेगळे. दूध साठून स्तन दगडासारखा होतो, लाल, गरम होतो, थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी पाजणे बंद करू नये. दूध निघत राहणे हाच उपचाराचा भाग आहे. पण ताप असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावे, कारण आत पू झाला तर तो काढावा लागतो. बाळ पाजत नसलेल्या स्त्रीचा स्तन असा लाल होऊन सुजला आणि औषधाने दहा-बारा दिवसांत उतरला नाही, तर ते कधीच साधे समजू नये. कॅन्सरचा एक दुर्मीळ आणि वेगाने वाढणारा प्रकार असाच दिसतो. आपल्याकडे स्तनाचा क्षयरोगही आढळतो.

पुरुषांनाही स्तन असतात, हे इथेच सांगून टाकतो. वयात येणाऱ्या मुलांना बोंडामागे हुळहुळी चकती लागते. ती बहुधा आपोआप जाते. जिममध्ये शरीर कमवायला घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांनीही छाती वाढते आणि दुखते. स्तनाच्या शंभर कॅन्सर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, त्यामुळे मोठ्या वयात बोंडाखाली कडक गाठ लागली तर पुरुषानेही ती दाखवावी.

मग जायचे कधी?

दोन्ही बाजूंना, पाळीच्या आगेमागे दुखत असेल आणि हाताला वेगळे काही लागत नसेल, तर दोन-तीन पाळ्या पाहायला हरकत नाही. एकाच बाजूला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल आणि ते तीन आठवड्यांत गेले नाही, तर जावे. पाळी गेलेल्या स्त्रीला नव्याने दुखू लागले तर महिनोन् महिने थांबू नये. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर आधीच सल्ला घ्यावा.

काही बाबतींत मात्र वाट पाहणे नकोच. पाळी संपल्यावरही न गेलेली गाठ, स्तनात किंवा काखेत. संत्र्याच्या सालीसारखी झालेली किंवा आत ओढली गेलेली त्वचा. पूर्वी सरळ असलेले आणि आता आत वळलेले बोंड. दाबल्याशिवाय, एकाच बाजूने येणारा स्राव, विशेषतः रक्ताचा. बोंडावर न भरणारी चिघळ, जी लोक इसब म्हणून मलमावर काढतात. एक स्तन अचानक मोठा किंवा वेगळ्या आकाराचा दिसणे. यांपैकी काहीही दिसले तर दुखत असो वा नसो, त्याच आठवड्यात डॉक्टर. लेप, काढे, अंगारे यांत गेलेले दोन महिने परत मिळत नाहीत.

आणि यांपैकी काही नाही, तरी भीतीने झोप लागत नाही? जाण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे. तपासून घेतल्यावर अनेकींचे दुखणे तिथेच निम्मे होते.

दवाखान्यात गेल्यावर

आपल्या भाषेचीच इथे एक अडचण आहे. बहुतेक बायका ‘छातीत दुखतंय’ असे सांगतात. डॉक्टर ईसीजी काढतात, पित्ताची गोळी देतात आणि बाई संकोचाने घरी परत येते. तेव्हा ‘स्तनात दुखतंय’ असेच म्हणावे. जागा बोटाने दाखवावी, गाठ लागली असेल तर तसे स्पष्ट सांगावे. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सोबत दुसरी स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे. तो मागायला ओशाळायचे कारण नाही.

डॉक्टर आधी हाताने तपासतील. गरज वाटली तर साधारण चाळिशीच्या आत सोनोग्राफी, पुढच्या वयात मॅमोग्राफी आणि सोबत सोनोग्राफी. तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत त्यातले नीट दिसत नाही, म्हणून पंचविशीच्या मुलीने ‘मोठी’ तपासणी मागून पैसे घालवू नयेत. गाठ निघाली तर सुईने तुकडा काढून तपासतात. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही समजूत वस्त्यांत फार घट्ट आहे आणि ती चुकीची आहे. तुकडा तपासल्याशिवाय गाठ कसली, ते नक्की कळत नाही. तरुण मुलींत तर ती बहुधा साधी, बोटाखाली सरकणारी असते.

खर्चाची भीती अनेकींना घरी बसवते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. कॅन्सरच निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार येतात. कोणते रुग्णालय योजनेत आहे, ते १५५३८८ वर विचारता येते. तिशीच्या पुढच्या स्त्रियांचे स्तन हाताने तपासणे हा तर राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे, आशाताईंना विचारले तर त्या सांगतील.

कॅन्सर नाही असे ठरले तरी दुखणे उरतेच, आणि त्यालाही उपचार आहेत. आधार देणारी ब्रा, पॅरासिटामॉल, दुखऱ्या जागी डायक्लोफेनॅक जेल यांनी बहुतेकींचे भागते. महागड्या प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल सर्रास लिहून दिल्या जातात, पण त्यांचा फायदा पोकळ गोळीपेक्षा जास्त असल्याचे अभ्यासांत ठामपणे दिसलेले नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली सेंटक्रोमन ही गोळी सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळते. हट्टी स्तनदुखीवर काही डॉक्टर हीच देतात. ती मनाने घ्यायची नाही.

शिबिरे घेणाऱ्यांसाठी

जयंतीच्या निमित्ताने आरोग्य शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक मुंबईचाच अभ्यास जरूर माहीत करून घ्यावा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर तो केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. त्या डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्याकडे यंत्रही नव्हते. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला होता आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही.

याच्या शेजारी शांघायचा अनुभव ठेवावा. तिथे अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या स्त्रियांना स्वतःचे स्तन स्वतः तपासायला शिकवले, पण त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. आपले शरीर ओळखीचे असावे, बदल झाला तर कळावा, हे ठीकच. पण पत्रक वाटून आणि आरशासमोर कसे उभे राहायचे ते दाखवून शिबिर संपवणे पुरेसे नाही.

शिबिराच्या आधीच दोन गोष्टी ठरवाव्यात. तपासणारी प्रशिक्षित स्त्री कोण, आणि तिला संशय आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी कोणत्या रुग्णालयात, कोण घेऊन जाणार. भाषणे कमी करून पडद्याआडची एक खोली आणि दोन तास वाढवावेत. बोलवायचे तर आधी पन्नाशीच्या बायकांना बोलवा. मंडपात तरुण मुली पुढे बसतात, आणि ज्यांना दाखवायची सर्वांत जास्त गरज असते त्या मागे स्वयंपाकात असतात. त्यांच्या हातातले काम दोन तास दुसऱ्या कोणी घ्यावे लागेल, आणि ते कार्यकर्त्यांपैकीच कोणीतरी घ्यावे.