दहा खुंटांची लगोरी

बोलिंग म्हटले की आमच्या वडिलांना सुभाष गुप्ते आठवत आणि आम्हाला पद्माकर शिवलकर. हल्ली उपनगरात हा शब्द कानावर पडला तर या दोघांपैकी कोणीही अभिप्रेत नसते. 'शनिवारी बोलिंगला जाऊ या का?' असे अंधेरीच्या कचेरीतली मुलगी मैत्रिणीला विचारते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे असते एक थंडगार दालन, निळे-जांभळे दिवे, गुळगुळीत लांबलचक पट्ट्या, पट्टीच्या टोकाला मांडलेल्या दहा पिना, म्हणजे पांढरे खुंट, आणि ते पडोत न पडोत, मागाहून येणारे खाणेपिणे. वाढदिवस, बढती, निरोपसमारंभ, काहीही असो, पूर्वी ज्या प्रसंगाला बटाटेवडा, वेफर्स आणि गोल्डस्पॉटची बाटली पुरत असे त्याला आता बोलिंग अ‍ॅली लागते. अ‍ॅली म्हणजे गल्ली. गल्लीतले खेळ बंद पडले आणि गल्लीच वातानुकूलित करून तिला तिकीट लावले, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईला हा खेळ अगदीच नवा नाही. १९८९ साली बोरिवलीच्या खाडीपलीकडे, गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले. तिथे पाळणे होते, बर्फावर घसरायची सोय होती आणि बोलिंगही होते. उपनगरातल्या पुष्कळ मुलांनी तो जड गोळा आयुष्यात प्रथम उचलला तो होडीतून खाडी ओलांडून गेल्यावर. मग नव्वदीच्या अखेरीस लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात बोलिंग अ‍ॅली उघडली आणि हा खेळ बड्या लोकांचा झाला. त्या अ‍ॅलीवरून त्या काळी बराच गवगवाही झाला. गिरणी कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप असा की, कामगारांच्या करमणुकीच्या नावाने परवानगी मिळवायची आणि करमणूक मात्र मोटारीतून येणाऱ्यांची करायची, हा कुठला न्याय?

आमच्या घरात हा आक्षेप वर्तमानपत्रातून आलेला नाही. आमचे थोरले बंधू अण्णा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. तो संप मागे घेतल्याचे रीतसर कोणी जाहीर केले नाही आणि अण्णाही पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. लालबागची खोली गेली. बोरिवलीला गोराईच्या वसाहतीत बिऱ्हाड आले. पुढची वीस वर्षे त्यांनी लिंक रोडवरच्या इमारतींच्या दारात रखवालदाराची खुर्ची सांभाळली. तक्रार म्हणून त्यांनी एकच गोष्ट केली: गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एकाही मॉलमध्ये त्यांनी पाऊल टाकले नाही. सिनेमाला नाही, कपड्यांना नाही, पावसात आडोशालाही नाही.

परवा त्यांच्या नातीला बारावे वर्ष लागले आणि तिने बोलिंगचा हट्ट धरला. आजोबा आले नाहीत तर केक कापणार नाही, असेही बजावले. अण्णांनी आधी सुनेला विचारले, "ती जागा कुणाची होती?"

सूनबाई धोरणी. तिने आधीच चौकशी करून ठेवली होती. "अंधेरीची आहे, अण्णा. तिथे गिरणी नव्हती."

"मग काय होतं?"

"खाजण असेल."

खाजणाविषयी अण्णांचे काही म्हणणे नव्हते. रविवारी सकाळी आम्ही आठजण बोरिवली पश्चिमेला मेट्रोत बसलो आणि ओशिवऱ्याला उतरलो.

आत शिरताच पहिला प्रश्न येतो तो पायांचा. आपले जोडे इथे चालत नाहीत. टेबलामागचा मुलगा माप विचारतो आणि कसलासा फवारा मारलेला दुरंगी बूट पुढे करतो. मोजे नसतील तर विकत घ्यायचे. अण्णांनी वहाणा काढून बूट घातले तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही अगदी हिरो दिसता!" खरोखरच, पांढऱ्या लेंग्याखाली ते लाल-निळे बूट विलक्षण दिसत होते. शेजारच्या पट्टीवर मुलुंडहून आलेले एक भरगच्च गुजराती कुटुंब होते. आजीबाईंना खुर्चीवर बसवून त्यांच्या हातात आल्याआल्या बटाट्याच्या काड्यांची बशी दिली होती, आणि प्रत्येक गोळ्याला त्या बसल्या जागेवरून निकाल देत होत्या. त्यापलीकडे एका कचेरीची मंडळी होती. साहेबाच्या पिना पडल्या की टाळ्या जरा जास्त पडत, हे मी दोनदा ताडून पाहिले. एका माणसाच्या एका डावाचे पैसे म्हणजे आमच्या घरची तीन दिवसांची भाजी. कोपऱ्यातला दरफलक अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचला. बोलले काही नाहीत.

खेळ दिसायला सोपा. गोळा टाकायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत साठ फूट. म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून सहा फूट कमी. पट्टीची रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास. दोन्ही बाजूंना पन्हळ. गोळा त्यात गेला की गेला. पिना पंधरा इंच उंच, त्रिकोणात मांडलेल्या. पुढे एक, मग दोन, तीन आणि चार. गोळ्याला तीन भोके. अंगठा आणि मधली दोन बोटे त्यात घालायची. मोठ्यातला मोठा गोळा सोळा पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलो. आपल्या गव्हाच्या पिशवीहून फार कमी नाही.

खरी गोम पट्टीवरच्या तेलात असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पट्टीच्या पुढच्या साधारण चाळीस फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. उरलेली वीस फूट कोरडी. मुरलेला खेळाडू गोळ्याला मनगटाने फिरकी देतो. तेलावर ती फिरकी नुसतीच घसरते. कोरड्या भागात आल्यावर गोळ्याला पकड मिळते आणि तो एकदम आत वळतो. शिवलकरांच्या चेंडूने टप्पा पडल्यावर जे करावे ते हा गोळा शेवटच्या वीस फुटांत करतो. आणि नेमका लागला तर तो दहापैकी चारच पिनांना शिवतो. बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात. कॅरमवाल्यांना हे अधिक सांगायला नको.

गुणांचा हिशेब मात्र पुतण्याने तीनदा समजावला तरी कोणाला उमजेना. पहिल्याच गोळ्यात दहाही पडल्या तर तो 'स्ट्राइक'. त्याचे दहा गुण, अधिक पुढच्या दोन गोळ्यांना मिळतील तेवढे. म्हणजे आज पाडलेल्या पिनांचा पूर्ण आकडा आजच कळत नाही. ओळीने बारा स्ट्राइक झाले तर तीनशे, त्यापुढे आकडाच नाही. स्ट्राइक हा शब्द ऐकून अण्णांनी पुतण्याकडे एकदा नीट पाहिले. मग म्हणाले, "कळलं. बोनस. काम आत्ता करायचं, आकडा दिवाळीला लागायचा." त्यानंतर आमच्या कंपूत हिशेबाची शंका कोणी काढली नाही.

तिसऱ्या फेरीत आमची पट्टी बंद पडली. टोकाला पिनांचा अर्धवट ढीग आडवा पडलेला आणि वरचे यंत्र हवेत अडकलेले. नातीने बटण दाबले. करड्या सदऱ्यातला एक चाळिशीचा कारागीर आला आणि बाजूच्या चिंचोळ्या दारातून मागे गेला. दार उघडले तेवढ्या क्षणात मागचा खडखडाट बाहेर आला. अण्णा उठले. कोणाला न विचारता त्या दारातून आत गेले, आणि त्यांना परत आणायला म्हणून मागोमाग मीही गेलो.

आत संगीत नव्हते, निळे दिवे नव्हते, गारवाही बेताचाच. एका ओळीत यंत्रे, मोटारी, पट्टे, आणि तेलाचा वास. बाहेर जो नुसता टणत्कार ऐकू येतो तो इथे अंगावर कोसळतो. अण्णा त्या आवाजात मिनिटभर नुसते उभे राहिले. मग ते कारागिराशी बोलू लागले, आणि मी पाहतच राहिलो, कारण ते तोंडाने बोलत नव्हते. साचेखात्यात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून कामगार हातांनी बोलत. चाळीस वर्षांनी ते हात पुन्हा चालू लागले होते. कारागिराला खुणा परक्या होत्या, पण अर्थ पोचत असावा. त्याने बोट दाखवून एकेक भाग समजावला. आडवा दांडा पडलेल्या पिना मागे लोटतो. मागचा पट्टा त्या एका मोठ्या चाकाकडे नेतो. चाक त्यांना उचलून वर नेते. तिथून एकेक पिन आपल्या खणात पडते आणि दहाही भरल्या की पाळणा खाली उतरून त्या मांडतो. गोळा वेगळ्या वाटेने पट्टीखालून परत जातो. एक पिन चाकाच्या खाचेत तिरपी बसली होती, एवढाच बिघाड. कारागिराने कळ बंद केली आणि हात घालून ती काढली.

हे काम पूर्वी पोरे करीत. १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतल्या बोलिंगवाल्यांनी संघ काढून नियम बांधले, पण पुढची पन्नास-साठ वर्षे पडलेल्या पिना उभ्या करायला पट्टीच्या टोकाला खड्ड्यात मुलगाच बसत असे. लुइस हाइन नावाच्या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलांची छायाचित्रे घेतली, बालमजुरीविरुद्ध पुरावा म्हणून. मध्यरात्रीपर्यंत जागलेली दहा-बारा वर्षांची तोंडे. १९४६ साली बफेलो शहरात पिना मांडणारे यंत्र लोकांना दाखवण्यात आले, १९५२ च्या सुमारास ते वापरात येऊ लागले, आणि मुले गेली. या एका बाबतीत यंत्राने माणसाचे काम हिरावले याचे दुःख कोणाला होऊ नये. आपल्या लगोरीत मात्र हा प्रश्नच नसतो. सात चकत्या ज्याने पाडल्या त्यानेच त्या रचायच्या, आणि तेही पाठीवर चेंडू खात.

यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी कारागीर हात पुसत दोन मिनिटे थांबला. आता तोंडाने बोलता येत होते. तो नालासोपाऱ्याला राहतो. शनिवारी रात्री मंडळी उशिरापर्यंत रंगली की विरारची शेवटची गाडी चुकते, मग इथेच खोक्यांवर झोप. यंत्राचे काम तो परळला एका गिरणीच्या आवारातल्या अ‍ॅलीत शिकला.

"कुठल्या खात्याच्या जागेत?" अण्णांनी विचारले.

त्याला ते ठाऊक नव्हते. छपराच्या लोखंडी कैच्या तेवढ्या जुन्या होत्या, म्हणाला, आणि उजेड वरून एकाच बाजूने यायचा.

"उत्तरेकडून," अण्णा म्हणाले. "साचेखातं."

मग कारागिराने आपली अडचण सांगितली. आता नव्या जागांतून दोरीचे यंत्र बसवतात. प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली असते. पिना पडल्या की दोऱ्या वर ओढून घ्यायच्या आणि पुन्हा सोडायच्या, कळसूत्री बाहुल्यांसारख्या. चाक नाही, खण नाही, बिघाड थोडा, वीज थोडी. २०२३ साली अमेरिकेतल्या संघानेही दोरीच्या बोलिंगला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. खेळणाऱ्यांपैकी शंभरात नव्वदांना फरक कळणारही नाही. इथे मागच्या बाजूला ते चौघे आहेत. ती यंत्रे आली की एक पुरेल, तोही बाहेर बुटांचे टेबल सांभाळून.

"कायम आहेस की काँट्रॅक्टवर?"

"काँट्रॅक्टवर."

"युनियन?"

तो हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चाकावर हात ठेवून पाहिला, एका मोटारीचा पट्टा बोटाने दाबला आणि म्हणाले, "हा सैल झालाय." कारागिराने वाकून पाहिले. पट्टा सैल झाला होता.

आम्ही बाहेर आलो तेव्हा अण्णांची पाळी साचली होती. त्यांनी भोकांत बोटे घालण्याची भानगड केली नाही. गोळा दोन्ही हातांनी दोन पायांमध्ये धरला, वाकले आणि सोडून दिला. तो इतका सावकाश निघाला की शेजारच्या गुजराती आजीबाईंनी मध्ये एक काडी खाऊन घेतली. साठ फूट संपता संपता पहिल्या पिनेला त्याचा धक्का लागला. ती तिच्या शेजारणीवर कलंडली, अशा करत करत सात पडल्या. नातीने आरोळी ठोकली. अण्णा पडलेल्या पिनांकडे पाहत नव्हते. दांडा खाली येतो कधी, पाळणा उतरतो कधी, हे ते मान वाकडी करून न्याहाळत होते. "बरोबर बसवलं त्याने," एवढेच म्हणाले.

केक कापला गेला तेव्हा आमच्या वेळेतली दहा मिनिटे उरली होती. पुतण्या म्हणत होता, अजून एक फेरी होईल. अण्णांनी एका कागदी बशीत मोठासा तुकडा घेतला, आणखी तीन तुकडे त्यावर रचले आणि त्या चिंचोळ्या दाराकडे गेले. पाठीला हॉलचा निळा उजेड, पायांत ते लाल-निळे बूट. दार उघडून लागलीच मिटले. आम्ही त्यांची वाट पाहत बसलो. वेळ संपल्याचा दिवा लागला, पडद्यावरची आमची नावे पुसली गेली आणि पुढच्या पाळीची पोरे येऊन मागे उभी राहिली, तरी ते आतच होते.