मोतीबिंदूचे ऑपरेशन : भीती जागेपणाची

‘म्हणजे ऑपरेशन चालू असताना मी जागाच असणार?’ मोतीबिंदूचे निदान झाल्यावर अनेक रुग्णांचा पहिला प्रश्न हाच असतो. पोटाचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन असले, तर निदान तिकडे बघावे लागत नाही. इथे मात्र ज्या डोळ्याने बघायचे, त्याच डोळ्यावर शस्त्र चालणार. सुई जवळ येताना दिसेल, मध्येच पापणी मिटली तर काय, अशा कल्पनांनी झोप उडते आणि ‘पिकू दे अजून थोडा, मग बघू’ असे म्हणत महिने निघून जातात.

हे थांबणे महागात पडू शकते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणे ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली पद्धत होती. आता मोतीबिंदू जितका जुना, तितका तो कडक. आणि जितका कडक, तितकी तो काढताना डोळ्याच्या नाजूक भागांना इजा होण्याची शक्यता अधिक. फार पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढून डोळा लाल होऊन ठणकू शकतो. म्हणून जागेपणी नेमके काय होते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

थेंबांची भूल

१८८४ पर्यंत डोळ्याच्या ऑपरेशनात रुग्णाला धरून ठेवण्याखेरीज फारसा उपाय नव्हता. त्या वर्षी व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. आज कोकेनऐवजी अधिक सुरक्षित औषधांचे थेंब वापरतात. काही वेळा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतात. मग डोळ्याची हालचालही काही तास थांबते. पूर्ण भूल मुख्यतः लहान मुलांना आणि स्थिर पडून राहणे शक्य नसलेल्यांना दिली जाते. बहुतेक ज्येष्ठांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असतो. पूर्ण भुलीचा ताण टळणे त्यांच्याच हिताचे.

दिसते ते काय?

सुरी जवळ येताना दिसत नाही. चेहऱ्यावर निर्जंतुक कापड असते आणि डोळ्यावर सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाश. सुरुवातीला त्याने दिपल्यासारखे होते, मग डोळा सरावतो. पुढे मोतीबिंदू फुटत जातो तसे प्रकाशाचे गोळे, निळे-गुलाबी रंग, हलत्या सावल्या दिसू शकतात. पाण्याच्या तळातून वर पाहावे तसे काहीसे. काहींना फक्त उजेड दिसतो, तर काही क्षण सगळे अंधुक होऊ शकते. हे आधी सांगितलेले नसेल तर माणूस घाबरतो. माहीत असेल तर शांत पडून राहतो.

पापणी मिटण्याची चिंताही नको. एक छोटी चाप पापण्या उघड्या धरून ठेवते आणि डोळा कोरडा पडू नये म्हणून त्यावर पाणी सोडत राहतात. गार पाणी, थोडा दाब आणि यंत्राची गुणगुण एवढे जाणवते. दुखले तर तसे सांगावे, भूल वाढवता येते.

काम अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून चालते. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकी डॉक्टरने श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. कल्पना सुचली ती दंतवैद्याच्या यंत्रावरून. रिकाम्या जागी कृत्रिम भिंगाची घडी घालून आत सरकवतात, तिथे ती उलगडते. गुंतागुंत नसेल तर साधारण पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपते आणि बहुधा टाकाही लागत नाही.

रुग्णाचे काम एकच, डोके न हलवणे. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले तर आधी बोलून सांगावे. डॉक्टर हात थांबवतात. हात मात्र चेहऱ्याकडे नेऊ नये. सतत खोकला असेल, उताणे झोपल्यावर दम लागत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर ते आधीच्या तपासणीतच सांगावे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असल्यास तीही सांगावी. या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही. माहीत असले की डॉक्टर तशी तयारी ठेवतात.

घरी आल्यावर

बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. पहिले काही दिवस डोळ्यात कचकच होणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे साहजिक आहे. पट्टी निघाली की पांढरा शर्ट एकदम निळसर वाटतो. पिवळट भिंग गेल्याने रंग पुन्हा खरे दिसू लागलेले असतात.

खरी कसोटी पुढच्या चार-सहा आठवड्यांची. थेंब ठरल्या वेळी, हात धुऊन, बाटलीचे टोक डोळ्याला न लावता घालावेत. बरे वाटले म्हणून ते मध्येच बंद करू नयेत. रात्री डोळ्यावर संरक्षक झाकण लावावे. डोळा चोळू नये, डॉक्टर सांगतील तोवर नळाचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये, जड वजन उचलू नये. चष्म्याचा नंबर डोळा स्थिरावल्यावरच काढावा.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नये. दुखणे वाढत गेले, लाली वाढली, पू आला किंवा सुधारलेली नजर पुन्हा अंधूक झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना गाठावे. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाल्यास काही तासांचा उशीरही नजर घेऊन जाऊ शकतो. डोळ्यापुढे विजेसारखे चमकणे किंवा काळा पडदा सरकल्यासारखे वाटणे हाही तसाच धोक्याचा इशारा.

टेबलावरची ती पंधरा-वीस मिनिटे डॉक्टर सांभाळतात. त्याआधी वेळेवर ठरवणे आणि त्यानंतर डोळ्याकडे लक्ष ठेवणे, हे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असते.