घरपोच टोस्ट आणि कोंडलेली वाफ

टोस्ट सँडविच हा मुळात उभ्याने खायचा प्रकार. गाडीवाला लांब दांड्याचा ॲल्युमिनियमचा टोस्टर गॅसवर उलटसुलट करत असतो, आपण शेजारी उभे राहून वाट बघतो आणि टोस्टर उघडल्यापासून पाच-सात मिनिटांत सगळं संपलेलंही असतं. आता मात्र साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, सुट्टीच्या दिवशी हेच सँडविच फोनवरून मागवायचं आणि घरी चहाबरोबर खायचं, असं बऱ्याच घरांत सुरू झालं आहे. आमच्याही घरी होतं. त्यात मला कमीपणा वाटत नाही. आठवड्यातले सहा दिवस पहाटे उठून डबे करणाऱ्या बाईला सातव्या दिवशी आयता नाश्ता मिळाला, तर त्यावर कुणी नाक मुरडू नये.

पण मागवणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘गाडीवर खाल्लं तर काय कुरकुरीत लागतं, आणि घरी आलं की नुसता लगदा!’ मग कुणी ब्रेड शिळा होता म्हणतं, कुणी हॉटेलवाल्याने अर्धवट भाजून दिलं म्हणतं. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. खरा उपद्रव वाफेचा. ही वाफ कुठून येते आणि काय करते, हे एकदा कळलं की घरपोच सँडविचही चांगलं खाता येतं.

आपल्या आया-आज्यांना हे शास्त्र ठाऊक होतंच. तव्यावरून उतरलेली गरम चपाती कुणी सरळ स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावत नाही. लावलं तर झाकणाला आतून घाम सुटतो, ते पाणी खाली गळतं आणि वरच्या दोन चपात्या ओल्या होतात. म्हणून चपात्या आधी निववायच्या, फडक्यात गुंडाळायच्या, मग डब्यात. सांगलीच्या भडंगाची पिशवी उघडी राहिली की भडंग सादळतं, तेही याच जातीचं दुखणं. तिथे हवेतला ओलावा बाहेरून शिरतो. सँडविचमध्ये ओलावा त्याच्या पोटातच असतो, एवढाच फरक.

आता त्या पोटात काय काय असतं ते बघा. काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी, टोमॅटोतही जवळजवळ तेवढंच. कांद्यातही पाणीच जास्त. हिरवी चटणी तर पाण्यातच वाटलेली. त्यावर मीठ-मसाला भुरभुरला की काकडी-टोमॅटो आणखी पाणी सोडतात, कोशिंबिरीला सुटतं तसंच. या सगळ्यात एक उकडलेला बटाटाच काय तो आपल्या बाजूचा. तो थोडं पाणी धरून ठेवतो. जुने गाडीवाले बटाट्याच्या चकत्या चटणी लावलेल्या ब्रेडवर सगळ्यात खाली लावतात, त्यामागे हाच हिशेब असावा असं मला वाटतं.

आणि लोणी. ब्रेडला आधी बटर, मग चटणी, हा क्रम चवीपुरता नाही. बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, आणि तेला-तुपातून पाणी सहज आरपार जात नाही. बटरचा थर म्हणजे ब्रेडवर केलेलं वॉटरप्रूफिंग. ते कडेपर्यंत लावलेलं असेल तर चटणी ब्रेडमध्ये मुरायला वेळ लागतो. घाईच्या वेळी मधोमध एक फटकारा मारून सोडून दिलं, की कोपरे आधी ओले होतात. पुढच्या वेळी खाताना लक्ष देऊन पाहा, लगदा नेहमी बटर न लागलेल्या भागापासून सुरू होतो.

आता भाजण्याकडे येऊ. पाणी शंभर अंशांना उकळतं. ब्रेडच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही. ओल उडून गेली की ते चढू लागतं, आणि साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे ब्रेडमधली साखर आणि प्रथिनं यांची आपसांत क्रिया जोरात होऊन तो खमंग तांबूस रंग आणि वास येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. भाकरीवरचे तांबूस डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया, सगळीकडे हीच क्रिया. म्हणजे कुरकुरीत टोस्ट याचा अर्थ, पाणी हाकलून दिलेला पातळ पापुद्रा. आत मात्र ओलं सारण तसंच आहे, आणि तेही आता गरम झालेलं.

टोस्टर उघडला की ही वाफ बाहेर पडायला लागते. एक चमचाभर पाण्याची वाफ झाली तर ती आठ लिटरच्या आसपास जागा मागते. गाडीवर ती मोकळ्या हवेत निघून जाते. पार्सलमध्ये जाणार कुठे? प्लास्टिकच्या डब्याचं झाकण बाहेरून गार असतं. वाफ त्यावर आपटते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते त्याच पापुद्र्यावर टपकतं. साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी अजिंक्यताऱ्यावरून गार वारा उतरत असतो तेव्हा झाकण जास्तच गार आणि पाणीही जास्त. म्हणजे ज्या दिवशी गरम सँडविचची सगळ्यात जास्त ओढ लागते, नेमकं त्याच दिवशी ते सगळ्यात ओलं होऊन येतं!

साताऱ्यातल्या एका गाडीवाल्याला मी एकदा म्हटलं, ‘दादा, पार्सल आहे, नीट बांधून द्या.’ तर तो म्हणाला, ‘ताई, नीट बांधलं तरच खराब होतं. थोडं उघडं ठेवूनच देतो.’ त्याने सँडविच मिनिटभर जाळीवर ठेवलं, सहा तुकड्यांऐवजी मधून एकच छेद दिला, कागदी पिशवीत घातलं आणि तोंड न दुमडता हातात दिलं. चटणी आणि शेव वेगळी. सहा तुकडे केले की सहा ठिकाणी सारण उघडं पडतं आणि त्याचं पाणी कडांना लागतं, हे त्याने मला न विचारताच समजावलं.

याच कारणासाठी घरपोच मागवताना साधं सँडविच मला बरं वाटतं. बटाटा, कांदा, थोडा टोमॅटो, हिरवी चटणी, बस्स. मुंबईच्या पद्धतीचं बीट-काकडीचं सँडविच गाडीवर उत्तम, पण वीस मिनिटांच्या प्रवासात ते टिकत नाही. तीन मजली, चीज आणि मेयोनेज थबथबलेल्या प्रकाराबद्दल तर बोलायलाच नको. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. टोस्टरमध्ये दाबून कडा चिकटवलेलं सँडविच प्रवासात कमी सांडतं, आणि विजेच्या ग्रिलवरचं जाड ब्रेडचं सँडविच जरा जास्त वेळ तग धरतं. चवीत मी आजही गॅसवरच्या टोस्टरच्याच बाजूची.

ब्रेड आपल्याकडे एवढा रुळला त्यालाही फार काळ झालेला नाही. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, तो गोव्यातून आला. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी कोकणात अजून सांगतात. स्लाईस ब्रेडची भारतात मोठी कारखानदारी उभी राहिली ती सरकारमुळे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांच्या मदतीने १९६५ साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली, आणि २००० साली ती विकलीही. खेडोपाडी तरीही ब्रेड म्हणजे आजाऱ्याने दुधात बुडवून खायची वस्तू होती. आपल्याकडे ती ओळख मोडायला मुंबईचा हातभार लागला. पाटण-जावळीकडची कितीतरी माणसं माथाडी कामगार म्हणून मुंबईच्या बाजारांत राबली, कितीतरी गिरण्यांत होती. वडापाव आणि सँडविच ही त्यांची मुंबईतली नेहमीची खाणी.

ब्रेडच्या बाबतीत एक खरी काळजी मात्र होती. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांची तपासणी जाहीर केली आणि पिठात घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटवर बोट ठेवलं. या द्रव्याचा संबंध कर्करोगाशी जोडला जातो. जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते परवानगीच्या यादीतून काढून टाकलं. म्हणून ब्रेड घेताना वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचण्याची सवय असावी.

दुसरी काळजी गुंडाळण्याची. गरम, तेलकट पदार्थ वर्तमानपत्रात बांधला की शाईतली द्रव्यं पदार्थात उतरतात. प्राधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरात याबद्दल सावध केलं आणि २०१८ च्या वेष्टन नियमांत अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाईच केली. (हे वर्तमानपत्रातच छापून येतंय खरं, पण वर्तमानपत्र वाचायला असतं.) त्याच वर्षी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली आणि काही गाडीवाले कोऱ्या कागदी पिशव्यांकडे वळले. टोस्टच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच म्हणायची. कागद थोडी ओल शोषतो, थोडी वाफ बाहेर सोडतो, आणि झाकणासारखा टपकत नाही.

राहिला अंतराचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. ॲपवर आपण दुकानाचे तारे बघतो, फोटो बघतो, सवलत बघतो. टोस्टसाठी बघायचे ते मिनिटं. विश्रामबागेत राहून मिरजेचं सँडविच मागवलं, तर ते कितीही नामांकित असो, गल्लीच्या टोकावरच्या साध्या गाडीपुढे हरणारच. साताऱ्यात राजवाड्यावरून गोडोलीला येतानाही तेच. शिवाय ॲपवाल्यांचा वाटा विक्रेत्याच्या बिलातून जातो. समजा सँडविच ऐंशी रुपयांचं असलं, तर त्यातून आधी तो वाटा वजा होतो, मग ब्रेड, बटर, गॅस आणि शेवटी त्याची मजुरी. मग बटर पातळ लागतं, आणि ओल अडवणारा थर तिथेच कच्चा पडतो. जवळच्या गाडीवाल्याचा नंबर घेऊन सरळ फोन केला, घरातल्या कुणाला आणायला पाठवलं, तर त्याचे पैसे वाचतात आणि आपल्या टोस्टची दहा मिनिटं वाचतात. लांबून मागवायची वेळ येतेच, पाहुणे असतात, पाऊस असतो. तेव्हा ॲप आहेच. भर पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन येणाऱ्या पोराला उशिरासाठी बोलू नये, एवढंच.

मागवताना सूचना लिहायची सोय असते तिथे तीन गोष्टी लिहाव्यात: चटणी वेगळी, शेव वेगळी, तुकडे दोनच. हाती आलं की आधी डबा उघडायचा. चहा नंतर ओता.

एवढं करूनही मऊ आलंच, तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. तिथे ब्रेडमधलं पाणीच तापतं, पृष्ठभाग वाळून खमंग होत नाही, आणि गार झाल्यावर ब्रेड चामड्यासारखा चिवट होतो. उरलेलं सँडविच फ्रिजमध्ये ठेवणंही चुकीचं. थंडीत ब्रेडमधला स्टार्च लवकर घट्ट होतो, त्यामुळे ब्रेड बाहेरच्यापेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळा लागतो. आतल्या बटाट्यामुळे तो बाहेर ठेवूनही चालत नाही, तेव्हा लागेल तेवढंच मागवावं. मऊ पडलेल्यासाठी लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. तेल, तूप काही नको. सँडविच ठेवून उलथन्याने हलकेच दाबा. आधी चर्र असा आवाज येईल, ती ओल जाते आहे. आवाज थांबला आणि वास सुटला की उलटा. दुसऱ्या बाजूला मिनिटभर पुरतं. चटणी पानात घेऊन लावायची, वरून नाही.